मीनाचं पथ्य

१२ मार्च

मीनाला आज हॉस्पिटलमधून घरी आणलं. आजपासून ही डायरी लिहिणार आहे. उद्या काही कमीजास्त झालं, तर दिनानाथनं बायकोकडे लक्ष दिलं नाही असं कुणी म्हणायला नको. म्हणणारे काही बाहेरून येत नाहीत.

डॉक्टरांनी समजावलं ते असं. हिचं हृदय अशक्त झालंय, म्हणून अंगात पाणी साठतं. पाय सुजतात, आडवं झालं की धाप लागते. ते पाणी काढायला लघवीची गोळी, रोज सकाळी. जेवणात मीठ अगदी कमी. पाणी मोजून. रोज उठल्यावर वजन, आणि ते एकदम वाढलं तर कळवायचं. "घरी हे सगळं बघणार कोण?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, मी. तळोज्याच्या कंपनीत मी आयुष्यभर टाइम ऑफिस सांभाळलं, म्हणजे कामगारांची हजेरी. उशिरा येणाऱ्याचं कार्ड लाल व्हायचंच, मग तो मॅनेजरचा मेव्हणा का असेना. पथ्य कसं सांभाळायचं ते मला कुणी शिकवायला नको.

रिक्षात मीना म्हणाली, "चवीपुरतं तरी मीठ लागेल हो." मी उत्तर दिलं नाही. सुरुवातीलाच ढील दिली की संपलं.

१६ मार्च

ऋता येऊन गेली. आमची एकुलती एक. मी इंजिनिअरिंगला घालत होतो, ही नर्सिंगला गेली. मग लग्नही स्वतःच्या मनानं केलं, आमच्यात न बसणारं. त्या लग्नाला आम्ही गेलो नाही. मीना साडी नेसून तयार झाली होती, मी तिला परत खोलीत पाठवलं. आता ऋता कामोठ्याला राहते, महिन्यातून एखाद्या रविवारी येते. नवरा धम्मपाल खाली स्कूटरवर बसून राहतो. मी वर बोलावत नाही, तो येत नाही. ठीक चाललंय.

आज आल्या आल्या बाथरूममध्ये शिरली. पायपुसणं उचलून बाहेर टाकलं. म्हणाली, यावर पाय घसरतो, आणि या गोळीनं आईला सारखं जावं लागणार. कमोडजवळ धरायला दांडी लावून घ्या. मग आईला पलंगावर बसवून उठायला शिकवत होती. "आधी कुशीवर हो. पाय खाली सोड. थोडं बस. डोळ्यांपुढं अंधारी नाही ना? आता उभी राहा." लहान मुलीला शिकवावं तसं. मीना हसत होती.

मला म्हणाली, "बाबा, ही गोळी पाण्याबरोबर अंगातलं मीठपण काढते. तोंड फार कोरडं पडलं, पोटऱ्यांत गोळे आले, गरगरलं, तर मला फोन करा. आणि उलटी-जुलाब झाले तर त्या दिवशी मला विचारल्याशिवाय गोळी देऊ नका."

मी म्हटलं, "डॉक्टर म्हणाले, एकही दिवस चुकवायची नाही."

"चुकवायची नाहीच. पण आजारात विचारायची."

नर्सनं डॉक्टरच्या वर बोलायचं, हे नवीनच. ती गेल्यावर मीना बराच वेळ खिडकीशी उभी होती. म्हटलं, पाय सुजतील, बस.

५ एप्रिल

पुन्हा सूज. बोटानं दाबलं की खळगा राहतो. एवढं सगळं करून हे. स्वयंपाकघर उपसलं तेव्हा डब्यांच्या मागे कैरीच्या लोणच्याची बाटली सापडली, अर्धी झालेली.

"बोटाला लावून चाटते फक्त," मीना म्हणाली. "जेवणच जात नाही."

बाटली तिच्यादेखत कचऱ्याच्या डब्यात टाकली. ती काही बोलली नाही. पूर्वी भांडायची.

दुपारी डॉक्टरांकडे. मीच सगळं सांगितलं, लोणच्यासकट. मीना टेबलावरच्या कॅलेंडरकडे बघत होती. डॉक्टरांनी आणखी एक गोळी लिहून दिली. म्हणाले, ही जोरदार आहे, सूज उतरेपर्यंतच द्यायची, आणि आठवड्याभरानं रक्त तपासून मला दाखवा.

१३ एप्रिल

नव्या गोळीनं कमाल केली. वजन रोज उतरतंय. घोट्याची हाडं दिसायला लागली आहेत. मी मीनाला आरशासमोर नेऊन दाखवलं. ती म्हणाली, "दमायला होतंय." दमणारच. दिवसातून किती वेळा उठावं लागतं.

रक्ताचं अजून केलेलं नाही. बरं चाललेलं असताना सुई टोचायची, मग रिपोर्टात काहीतरी निघणार, मग पुन्हा भरती. हे धंदे मला माहीत आहेत. दुसरी गोळीही चालूच ठेवायची ठरवलं. सूज गेली म्हणून बंद करायची आणि पुन्हा आली की धावायचं, त्यापेक्षा येऊच न दिलेली काय वाईट? ज्या औषधानं गुण आला ते बंद करायला सांगणारे डॉक्टर मला कधी कळले नाहीत.

२० एप्रिल

आज वाशीला लग्न होतं, माझ्या मावसभावाच्या नातीचं. लिहू नये असं झालं, पण लिहितो.

सकाळी मीना म्हणाली, "आजच्या दिवस गोळ्या परत आल्यावर घेते. हॉलवर मला सारखं कुठे जाता येणार? ऋता म्हणत होती, बाहेर जायचं असेल तर विचारून वेळ मागेपुढे करता येते."

म्हणजे मायलेकींचं माझ्यामागे फोनवर बोलणं चालू असतं. मी म्हटलं, सकाळची गोळी सकाळी. तिनं माझ्यासमोर दोन्ही गिळल्या.

हॉलवर बायकांचं एकच बाथरूम चालू होतं, त्याच्यासमोर नटलेल्या मुलींची रांग. मीना दोनदा जाऊन आली. तिसऱ्यांदा उठली तेव्हा मी म्हटलं, अक्षता पडेपर्यंत बस, लोक बघतायत. ती बसली. थोड्या वेळानं बघतो तर ही खुर्चीवर ताठ, पर्स मांडीवर घट्ट धरलेली, आणि खाली फरशीवर ओल. मोतिया रंगाची पैठणी होती. लपण्यासारखं नव्हतंच.

वहिनी, मावसभावाची बायको, धावल्या. कुणीतरी शाल दिली. मी रिक्षा बोलवायला बाहेर गेलो. त्या गर्दीत मी काय करणार होतो? सगळे माझ्याकडे असे बघत होते की जणू मीच काही केलंय.

रिक्षात ती एकदाच बोलली. म्हणाली, "बस म्हणालात म्हणून बसले."

मी म्हटलं, "आधी सांगायचं होतं, जोरात आलीय म्हणून."

त्यावर तिनं शाल आणखी घट्ट ओढून घेतली.

२८ एप्रिल

त्या लग्नापासून अबोला चालू आहे. विचारलं तर हो-नाही. भाकरीचा तुकडा मोडून बसून राहते. पायांत गोळे येतात म्हणून कण्हते. मी तेल चोळून देतो, माझ्या हातांनी, आणि कौतुकाचा शब्द नाही. उठली की भिंत धरते. म्हटलं, ऋतानं शिकवलंय ना, तसं हळू ऊठ. म्हणाली, हळूच उठले.

हे रुसणं आहे. चाळीस वर्षं ओळखतो मी हिला.

उकाडा असा की गच्चीवरच्या टाकीतलं पाणी चहाला चालेल. मीना सारखी पाणी मागते. म्हणते, जीभ टाळूला चिकटते. दिवसाचं पाणी मी एका जगमध्ये भरून माझ्या टेबलावर ठेवतो, म्हणजे हिशेब चुकत नाही. आज दुपारी डुलकी लागली होती. जाग आली तर बेसिनचा आवाज. बघतो तर बाई नळाला तोंड लावून पाणी पितेय, केस ओले, गाऊनचा गळा ओला. मला पाहून तोंड पुसलं.

"अगं, माणसानं असं प्यायचं?" मी म्हटलं.

"ग्लासचा आवाज येतो," ती म्हणाली.

तेवढं पाणी संध्याकाळच्या वाट्यातून वजा केलं. मलाही बरं वाटत नाही. पण कुणीतरी कठोर व्हायला लागतं.

३ मे

काल रात्रीपासून मीनाला जुलाब, आज दोनदा उलटी. कलिंगडाची फोड खाल्ली होती, त्याचंच असणार. सकाळी गोळ्या दिल्या. पहिल्या उलटून पडल्या, त्या पुन्हा दिल्या.

ऋताचा फोन आला होता. "आई कशी आहे? फोन का घेत नाही?" म्हटलं, झोपली आहे, पोट जरा नरम आहे, वजन उत्तम आहे. "पोट नरम म्हणजे? जुलाब होतायत का?" म्हटलं, नाही, तसं काही नाही. होतायत म्हटलं असतं तर अर्ध्या तासात दोघं इथे. ती वर येऊन माझ्या चुका काढणार आणि तो खाली बसून सगळ्या सोसायटीला दिसणार.

वजन आज सगळ्यांत कमी भरलं. आजारपणातही पथ्य टिकवलं, हे डॉक्टरांना सांगायला हवं.

४ मे

मीना आज मुद्दाम छळते आहे.

सकाळी मला वसंता म्हणाली. वसंता तिचा भाऊ, जाऊन किती वर्षं झाली. म्हटलं, डोळे उघडून बघ. तिनं बघितलं आणि पुन्हा वसंताच म्हणाली. मग चहा करते म्हणून उठली आणि गॅसवर रिकामं पातेलं ठेवून तशीच उभी. मी गॅस बंद केला तर माझा हात धरला.

"अहो, मला साडी नेसू द्या ना," म्हणते. "ऋताचं लग्न आहे. हॉलवर सगळे आले असतील. मी नुसती मागे उभी राहीन. जेवणार नाही. अक्षता टाकून परत येते."

इतकी वर्षं हे एक अक्षर काढलं नव्हतं. आज नेमकं काढायचं, मी उलटीची चादर धूत असताना. मी म्हटलं, "ते लग्न होऊन गेलं, मीना. आणि त्यात मी बरोबर होतो."

ती म्हणाली, "बरं. मग उद्या जाऊ."

आणि खोलीत जाऊन कपाटातल्या साड्या एकेक करून पलंगावर काढत बसली. मी दार ओढून घेतलं. सूड घ्यायची ही कुठली तऱ्हा?

७ मे

हॉस्पिटलच्या बाकड्यावर लिहितो आहे.

परवा सकाळी मीना बाथरूममध्ये पडली. धप्प असा आवाज झाला. दार आतून लावलेलं नव्हतं, तेवढं नशीब. डोळे उघडे होते, पण माझ्याकडे बघत नव्हती. मग हातापायांना झटके यायला लागले. मी शेजारच्या नंदकिशोरचं दार वाजवलं. तो धावत आला, तिला कुशीवर केलं आणि त्यानंच ऋताला फोन लावला. तिचा नंबर त्याच्याकडे होता. मीनानं देऊन ठेवला होता म्हणे, कधी लागला तर. मला सांगितलं नव्हतं.

ॲम्ब्युलन्सच्या आधी धम्मपाल पोचला. पहिल्यांदाच आमच्या घरात आला, चप्पल घालूनच. मी तसं म्हणालो बहुतेक. त्यानं ऐकलं नाही. मीनाला खुर्चीत बसवून नंदकिशोरबरोबर लिफ्टपर्यंत नेलं.

मनगट मोडलंय. डोक्याला लागलं नाही. पण खरं दुखणं ते नाही म्हणतात. आयसीयूच्या डॉक्टरीणबाईंनी बोलावून घेतलं. तिशीची असेल.

"रक्तातलं सोडियम आणि पोटॅशियम फारच खाली गेलंय. अंगात पाणीच नाहीये त्यांच्या. गोळ्या कुठल्या चालू होत्या?"

मी सांगितल्या.

"दुसरीसुद्धा? अजून?"

"सूज परत येऊ नये म्हणून."

"आणि रक्ताची तपासणी?"

मी म्हटलं, बरं चाललं होतं.

"जुलाब किती दिवस होते?"

ऋता माझ्या शेजारी उभी होती. मी म्हटलं, दोन-तीन. ऋता माझ्याकडे वळली नाही. समोरच्या काचेकडे बघत राहिली.

"तेव्हाही गोळ्या दिल्यात?"

"एकही चुकवली नाही," मी म्हटलं. खरं तेच सांगितलं.

डॉक्टरीणबाईंनी ते कागदावर लिहून घेतलं. मग म्हणाल्या, असं वेड्यासारखं बोलणं, माणूस न ओळखणं, हे सोडियम उतरल्याचं असतं. ते आता हळूहळूच वर आणावं लागेल, घाई केली तर मेंदूला इजा होते. पहिले काही दिवस काही सांगता येत नाही.

म्हणजे आदल्या दिवशीचं ते साडीचं बोलणं तिचं नव्हतंच. तसं असेल तर मला वाईट वाटून घ्यायचं कारण नाही. हे मी स्वतःला बऱ्याचदा सांगून पाहिलं.

ऋताशी बोलायला गेलो. म्हटलं, मी सगळं नियमानं केलं. ती म्हणाली, "बाबा, आत्ता नको." एवढंच. ओरडली असती तर मला उत्तर देता आलं असतं.

१५ मे

मीना शुद्धीवर आहे, नीट बोलते. आज खोलीत हलवलं. हाताला प्लास्टर. पेज खाल्ली, चिमूटभर मीठ घातलेली, डॉक्टरांच्या परवानगीनं. चमचा तोंडात घेतल्यावर डोळे मिटून घेतले तिनं.

ऋता बाहेर गेली तेव्हा मी विचारलं, "पडायच्या आदल्या दिवशी काय बोललीस, आठवतं का?"

"नाही. काय बोलले?"

"काही नाही. असंच काहीतरी."

ती माझ्याकडे बघत राहिली. "वाईट बोलले का तुम्हाला?"

म्हटलं, नाही. दुसरं काय सांगणार?

१९ मे

डिस्चार्ज. मी घरून सगळी तयारी करून आलो होतो. बाथरूममध्ये दांडी लावून घेतली, नवीन चादर घातली. ऋता म्हणाली, "आई आमच्याकडे येतेय."

मी मीनाकडे पाहिलं. तिचं उत्तर मला ठाऊक होतं. औषधाची वेळ असो नाहीतर पोरीचं लग्न, ही बाई आजवर माझा शब्द मोडून कुठे गेलेली नाही.

"प्लास्टर निघेपर्यंत ना?" मी विचारलं.

मीना बाहेर चालायला लागली. धम्मपालनं टॅक्सीचं दार उघडून धरलं. ती आधी सीटवर बसली, मग एकेक पाय आत घेतला. काच खाली केली. मला वाटलं, काही सांगणार. "जेवून घ्या," म्हणाली.

२८ मे

आज कामोठ्याला गेलो. त्या घरात पहिल्यांदाच. दुसरा मजला, लिफ्ट नाही. दार धम्मपालच्या आईनं उघडलं, बायजाबाई. मराठवाड्याकडच्या. "या की, बसा. मीनाताई, कोन आलंय बगा," म्हणाल्या. समोर बुद्धाची मूर्ती, पुढे ताजी फुलं. घर लहान आहे, पण स्वच्छ.

मीना खिडकीशी पलंगावर बसली होती. अंगावर ऋताचा गाऊन. चेहऱ्याला रंग आलाय, हे कबूल करायला हवं. घोट्यांशी किंचित सूज दिसली. मी ते म्हटलं. ती म्हणाली, "आहे थोडी. डॉक्टरांना माहितेय. एकच गोळी ठेवलीय आता, ती मीच घेते."

"आणि पाणी?"

"तेही मीच बघते."

तिच्या हाताशी बाटली होती, पेनानं खुणा केलेली. माझ्यासमोर दोन घोट प्यायली. सावकाश.

मग उठायला लागली. मी पुढे झालो. तिनं प्लास्टरचा हात वर केला. "थांबा. मला वेळ लागतो." पाय खाली सोडून बसून राहिली, मग उभी राहिली, क्षणभर तशीच थांबली, आणि एकटी बाथरूमकडे गेली. मी आणि बायजाबाई त्या बंद दाराकडे बघत बसलो. धम्मपालनं चहा आणून ठेवला. मी घेतला. निवलेला होता, किंवा मला घ्यायला उशीर झाला.

ती परत आल्यावर म्हटलं, "प्लास्टर पुढच्या महिन्यात निघेल. मी न्यायला येतो."

"नका येऊ."

"म्हणजे?"

"मी इथंच राहते."

बायजाबाई उठून आत गेल्या. धम्मपालही. ती माणसं असं वागतील, हे मला अपेक्षित नव्हतं.

मी म्हटलं, "मी तुझं काय वाईट केलं? पथ्य पाळलं, पाय चोळले, तुझी घाण काढली. दुसरा नवरा असता तर—"

"केलंत," ती म्हणाली. "सगळं केलंत. मी नाही म्हणत नाही." मग म्हणाली, "इथं मला पाणी मागावं लागत नाही."

हे काय उत्तर झालं? आमच्या घरात नळ कोरडे होते का? डॉक्टरांनीच मोजून द्या सांगितलं होतं, इथेही ती मोजूनच पिते. मग फरक काय पडला? हे मी तिला विचारलंसुद्धा. ती म्हणाली, "तुम्हाला नाही कळायचं. राहू दे." रागानं नाही. रागानं म्हणाली असती तर घरी आणता आली असती.

ऋता ड्यूटीवरून आली तशी मी निघालो. ती खालपर्यंत सोडायला आली. मला वाटलं, आता बोलेल. तिनं रिक्षा थांबवली, रिक्षावाल्याला खारघर सांगितलं आणि मला म्हणाली, "बाबा, बसताना डोकं सांभाळा."

१ जून

गेले काही दिवस लिफ्टमध्ये, गेटवर, सगळे विचारतात, काकू कुठे. सोसायटीत सांगायला काहीतरी हवंच. आज नंदकिशोर भेटला, त्याला म्हटलं, हवापालटासाठी गेली आहे.

"छान," तो म्हणाला. "कुठे, गावाला?"

"कामोठ्याला."

त्यानं कठड्याबाहेर पाहिलं. आम्ही गच्चीवर उभे होतो. हायवेच्या पलीकडे कामोठ्याच्या इमारती दिसत होत्या, कुणाकुणाचे वाळत घातलेले कपडेसुद्धा.

"हो," नंदकिशोर म्हणाला, "तिथली हवा चांगली आहे." आणि मला एकट्याला सोडून खाली गेला.